पाणी कोठे मुरते?

एखाद्या व्यवहारात काही काळेबेरे असल्याचा संशय आला म्हणजे आपण ‘कोठे तरी पाणी मुरते आहे’ असे म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या कोणाच्या तोंडून प्रथम निघाला असेल, त्याच्या बुद्धीचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. हौदात ओतलेले पाणी आणि हौदात उरलेले पाणी यांत अंतर पडले, तर पाणी आपोआप नाहीसे झाले असे मानावयास तो तयार नाही. ते कोणत्या तरी फटीतून, कोणत्या तरी वाटेने गेलेच असले पाहिजे, आणि ती फट हुडकून काढणे हे आपले काम आहे, असा त्याचा रोकडा युक्तिवाद आहे. पदार्थविज्ञानात अक्षय्यतेचे नियम म्हणून जे प्रसिद्ध आहेत, त्यांचे मर्म या वाक्प्रचारात जितके नेमके उतरले आहे तितके शाळेतल्या व्याख्येतही उतरलेले नाही, असे आमचे मत आहे. ते मत कसे बनले, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

ऊर्जा निर्माण होत नाही व नष्ट होत नाही, तिची एकूण बेरीज कायम राहते, असे आपण सर्वांनी लहानपणी घोकलेले असते. या वाक्यात उणीव आहे ती बेरजेवरच थांबण्याची. बेरजेतली रक्कम कोठे ठेवलेली असते, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ती कोणत्या मार्गाने जाते, याविषयी हे वाक्य मौन धारण करते. हे मौन किती महाग पडू शकते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने प्रवरेच्या खोऱ्यात यावे.

पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी पर्जन्यराज मोठ्या पक्षपाताने वागतो. पश्चिमेस अकोले तालुक्यात, रतनगड-घाटघरच्या डोंगरांत, तो धो धो कोसळतो. तेथून पूर्वेस उतरू लागावे तसतसा आटत जाऊन नगरच्या पठारावर तो पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या घरात येतो. या विषमतेवर तोड म्हणून भंडारदऱ्यास प्रवरा अडविण्यात आली. १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्या धरणाचे उद्घाटन झाले आणि विल्सन यांचेच नाव त्यास मिळाले. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. ते नदीच्या पात्राने खाली उतरते, ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या व उजव्या कालव्यांत शिरते, आणि कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत, पोटचारीतून उसाच्या सरीत जाते.

आमचे बालपण या पाटांच्या काठी गेले. आवर्तन सुटले म्हणजे त्या मुलखात पाटकऱ्याचे राज्य सुरू होई आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारे धरणाऱ्या माणसांचा शिवारात राबता वाढे. त्या दिवसांत थोरांच्या बोलण्यातून आमच्या कानांवर जे पडे, त्यावरून हिशेबाचे दोन प्रकार असतात हे आमच्या मनात फार लवकर ठसले. पहिला हिशेब बेरजेचा. वरून इतके सुटले, इतक्या एकरांचे भिजले, राहिले ते वाटेत तुटले, झाला ताळा! ज्या हिशेबात ‘तूट’ नावाचे एक सदर हाताशी असते, तो हिशेब कोणत्याही वर्षी जुळवून दाखविता येतो. दुसरा हिशेब दाराचा. या दारातून किती आले, त्या दारातून किती गेले, मध्यल्या तुकड्यात किती साचले, आणि तळाशी किती झिरपले, हे त्यात प्रत्येक तुकड्यापुरते, तेथल्या तेथे, जुळावे लागते. अगदी शेवटच्या चारीवर ज्याचे शेत आहे, त्यास पहिल्या हिशेबाचा काडीमात्र उपयोग नसतो. त्याचा जीव दुसऱ्या हिशेबावर अवलंबून असतो.

निसर्गाचा हिशेब या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे? अकोल्यात शंभर घागरी पाणी अदृश्य व्हावे आणि नेमक्या त्याच क्षणी नेवाशात शंभर घागरी प्रकट व्हाव्यात, असा चमत्कार घटकाभर कल्पावा. बेरीज मोडली नाही. शाळेतल्या व्याख्येस बोट ठेवावयास जागा नाही. परंतु ‘त्याच क्षणी’ या शब्दांत गोम आहे. दूर अंतरावरच्या दोन घटना एका क्षणी घडल्या की मागेपुढे, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखवून दिले. तेव्हा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास जो ताळा जुळलेला दिसेल, तोच वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकास काही काळ शंभर घागरींनी तुटलेला दिसेल. जो नियम एकास खरा व दुसऱ्यास खोटा, तो निसर्गाचा नियम होऊ शकत नाही. यास्तव अक्षय्यता सर्वांस सारखी खरी ठरावयाची असेल, तर ती दाराच्या हिशेबाचीच असली पाहिजे. एका ठिकाणी जे उणे झाले ते त्या ठिकाणच्या सीमेवरून वाहतच बाहेर गेले पाहिजे.

म्हणून पदार्थविज्ञानात अक्षय्य राशीची व्याख्या करताना तिची नुसती बेरीज सांगून भागत नाही. दोन गोष्टी सांगाव्या लागतात. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी ती राशी किती दाट आहे, ही तिची घनता. आणि त्या बिंदूपासून ती कोणत्या दिशेस किती वेगाने निघाली आहे, हा तिचा प्रवाह. कोठेही घनता घटली, तर तेवढाच प्रवाह तेथून बाहेर पडलेला असला पाहिजे. यालाच सांतत्याचे समीकरण म्हणतात. पाटकऱ्याच्या वहीत जे असावयास हवे, तेच यात अक्षरांऐवजी चिन्हांनी लिहिलेले असते.

विद्युत्प्रभाराच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण प्रभार कणांवर बसलेला असतो आणि कण चालताना त्याची वाट दिसते. ऊर्जेची गोष्ट निराळी. सूर्याचा प्रकाश सूर्याकडून निघून पृथ्वीवर पोहोचावयास सुमारे ५०० सेकंद लागतात. सूर्यापासून ती ऊर्जा सुटलेली आहे आणि आपल्या अंगणात अजून आलेली नाही, अशा त्या आठ मिनिटांत ती कोठे असते? मध्ये तर काहीच नाही! दाराचा हिशेब मान्य करणाऱ्यास येथे एकच उत्तर देता येते: ती त्या रिकाम्या दिसणाऱ्या अवकाशातच असते, विद्युच्चुंबकीय क्षेत्रात साठविलेली असते. क्षेत्र ही कागदावरची सोय नसून ऊर्जा बाळगणारी खरी वस्तू आहे, असे मानावयास याहून बळकट कारण आम्हांस ठाऊक नाही.

या क्षेत्राच्या ऊर्जेची घनता किती आणि तिचा प्रवाह कोणता, याचे सूत्र १८८४ साली इंग्लंडात जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी दिले. त्या सूत्राप्रमाणे आपल्या घरातील दिव्यास मिळणारी ऊर्जा तारेच्या पोटातून येत नाही. तारेच्या भोवतालच्या अवकाशातून ती वाहत येते आणि दिव्याच्या तंतूत बाजूंनी शिरते. कालव्याच्या भिंतीतून पाणी वाहावे व पात्र कोरडे राहावे, असे काहीसे हे ऐकणाऱ्यास वाटते. पण हिशेब प्रत्येक बिंदूपाशी चोख जुळतो. शिवाय जेथे ऊर्जा वाहते तेथे संवेगही असतो; प्रकाश ज्यावर पडतो त्यास किंचित ढकलतो. हा दाब रशियात लेबेदेव यांनी १९०० सालाच्या सुमारास प्रयोगाने मोजून दाखविला. ऊर्जा एक, संवेग तीन दिशांचे तीन, अशा चार राशी झाल्या. प्रत्येकीची एक घनता व तीन दिशांचे तीन प्रवाह, अशी चारांची चार चौकट होऊन सोळा घरांचा कोठा तयार होतो. यास ऊर्जा-संवेग प्रदिश असे भारदस्त नाव आहे. जमाखर्चाची ती एक वही आहे, इतके वाचकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे. हवेचा दाब, दोराचा ताण, प्रकाशाचा रेटा, ही सारी तिच्यातील संवेगाच्या प्रवाहाचीच निरनिराळी नावे आहेत.

आता साहजिकच प्रश्न येतो की ही वही भरावयाची कशी? कोणत्या राशी अक्षय्य आहेत, हे कळणार कशावरून? याचे उत्तर १९१८ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे एमी नोएथर या विदुषीने दिले. स्त्री म्हणून तिला विद्यापीठात स्वतःच्या नावाने व्याख्याने देण्याचीही मुभा नव्हती. काही काळ हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर झालेल्या वर्गांत ती शिकवीत असे. तिचा सिद्धान्त असा: निसर्गनियमांत जितक्या सममिती, तितके अक्षय्य प्रवाह. जे नियम काल होते तेच आज आहेत व तेच उद्या असतील, या एका गोष्टीतून ऊर्जेची अक्षय्यता निघते. जे नियम अकोल्यात तेच नेवाशात, यातून संवेगाची. पूर्वेकडे तोंड केले काय नि उत्तरेकडे केले काय, नियमांत फरक नाही, यातून कोनीय संवेगाची. इतकेच सांगून ती थांबली नाही. नियम दिले असता त्यांतून घनता व प्रवाह लिहून काढण्याची रीतही तिने दिली. आम्हांस या सिद्धान्ताचे जे अप्रूप वाटते ते असे की, जेथे कोणाचाही पक्षपात नाही तेथेच ताळा जुळतो, हे त्यात गणिताने सिद्ध झाले आहे.

परंतु येथे एक अडचण उभी राहते, आणि आमच्या मते या सर्व विषयाचा गाभा त्या अडचणीत आहे. नोएथरच्या रीतीने मिळणारा प्रवाह एकच एक नसतो. पाटात एखादा भोवरा गरगरत असेल, तर त्यातले पाणी कोणत्याही तुकड्यात वाढत नाही की घटत नाही. वहीत तो भोवरा मांडला काय आणि न मांडला काय, प्रत्येक दाराचा ताळा तसाच जुळतो. तद्वतच ऊर्जा-संवेगाच्या वहीत असे भोवरे मिळवावेत अथवा वजा करावेत, बेरीज कायम राहते आणि सांतत्यही टिकते. मात्र ऊर्जा नेमकी कोठे आहे याचे चित्र पालटते. विद्युच्चुंबकीय क्षेत्रास ती रीत सरळ लावली तर जी वही हाती येते ती ओबडधोबड असते. तिच्यात ऊर्जेचा प्रवाह व संवेगाची घनता यांचा सापेक्षतेस अपेक्षित असलेला मेळही बसत नाही. १९३९-४० च्या सुमारास बेलिनफान्टे व रोझेनफेल्ड यांनी योग्य ते भोवरे मिळवून ही वही कशी साफ करावी हे दाखविले, आणि त्यांच्या रीतीने पॉइंटिंगचेच सूत्र हाती आले.

मग खरी वही कोणती? हिशेबनीस येथे निर्णय देऊ शकत नाही. पंच बाहेरूनच आणावा लागतो. तो पंच गुरुत्वाकर्षण होय. ऊर्जेस वजन असते, म्हणून ती ज्या ठिकाणी असेल त्या ठिकाणी अवकाश-काल वाकतो. भूमितीत अल्पसा बदल केला असता क्षेत्रावर काय परिणाम होतो, त्यावरूनच ऊर्जा-संवेगाची व्याख्या करावी, ही हिल्बर्ट यांची १९१५ ची वाट; तिच्याने मिळणारी वही ही बेलिनफान्टे यांच्या वहीशी जुळते. तराजूत टाकल्यावर भोवऱ्यांचा वाद राहत नाही.

दैवाचा खेळ असा की, ज्याने सर्वांचा निवाडा केला त्या पंचाचे स्वतःचे खाते मात्र कोणास लिहिता येत नाही. तुटलेल्या पाळण्यातून खाली पडणाऱ्या माणसास गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही; म्हणजे कोणत्याही एका बिंदूपाशी त्याचे अस्तित्व दृष्टिकोन बदलून पुसून टाकता येते. जे पुसता येते त्याची तेथली घनता काय सांगावी? आइन्स्टाइन यांनी त्यासाठी एक सूत्र सुचविले होते. पण १९१८ सालीच श्रोडिंगर यांनी दाखविले की, विशिष्ट निर्देशक घेतल्यास ताऱ्याभोवतीच्या अवकाशात त्या सूत्राची किंमत सर्वत्र शून्य येते. दुरून, सबंध ताऱ्याची मिळून एक बेरीज सांगता येते. दारादाराचा हिशेब मात्र मिळत नाही. नोएथरने आपला सिद्धान्त शोधला तोच मुळी या कोड्याच्या निमित्ताने.

या कोड्याच्या परिसरात आपल्या मराठी घरातील दोन पिढ्या वावरल्या, हे आमच्या वाचकांस अभिमानाने सांगावेसे वाटते. कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. त्यांच्याजवळ शिकावयास गुजरातेतून आलेल्या प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या भोवतालची भूमिती सोडविली. ताऱ्याचे वस्तुमान जसजसे घटते, तसतशी तेवढीच ऊर्जा बाहेरच्या प्रत्येक गोलावरून पार होताना त्यात दिसते. दाराचा हिशेब इतका सुबक रीतीने क्वचितच मांडला गेला असेल.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंतराव यांच्या वाट्यास याहून बिकट प्रश्न आला. विश्व प्रसरण पावत आहे. त्या प्रसरणात दूरच्या प्रकाशाची लांबी ताणली जाते व त्याची ऊर्जा उतरते. ती ऊर्जा गेली कोठे? येथे आमचा वाक्प्रचार प्रथमच अडखळतो. काल होते ते विश्व आज नाही. कालाची सममितीच उरली नाही, तेव्हा सबंध विश्वाच्या ऊर्जेच्या बेरजेची ग्वाही देणारा सिद्धान्तही उरला नाही. प्रत्येक बिंदूपाशी सांतत्य शाबूत आहे, परंतु बेरीज हाच शब्द तेथे अर्थहीन होतो. शाळेतली व्याख्या मोडते ती या ठिकाणी, आणि दाराचा हिशेब मात्र टिकतो.

१९४८ साली बाँडी, गोल्ड व हॉइल यांनी असे सुचविले की, विश्व पसरत असता नवे द्रव्य सतत निर्माण होत असावे, म्हणजे त्याचे रूप सर्वकाळ सारखे राहील. शून्यातून द्रव्य, हे ऐकून पुष्कळांनी कपाळास आठ्या घातल्या. जयंतरावांनी केंब्रिजला हॉइल यांच्यासह १९६० नंतरच्या वर्षांत या आक्षेपास उत्तर शोधले ते क्षेत्राच्या वहीतच. त्यांनी एक निर्मितिक्षेत्र कल्पिले व त्याची ऊर्जा ऋण धरली. द्रव्याच्या खात्यात जितके जमा, तितकेच क्षेत्राच्या खात्यात नावे. आणि दारादाराचा ताळा जसाच्या तसा. १९६५ साली विश्वातील सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडल्यानंतर विद्वानांचा कल आदिस्फोटाच्या बाजूस झुकला, आणि स्थिरस्थितीचा पक्ष आज बहुतेकांनी सोडलेला आहे. २० मे २०२५ रोजी जयंतराव निवर्तले. त्यांचा सिद्धान्त टिकला नाही, असे म्हणणारेही त्यांनी हिशेब बुडविला असे म्हणू शकणार नाहीत. निर्मिती मानावयाची तर तिचे ऋणही वहीत मांडावयाचे, हा बाणा त्यांनी सोडला नाही.

हे सारे वाचून प्रवरेकाठचा एखादा शेतकरी म्हणेल की, तारे व विश्व यांचे आम्हांस काय? त्यास आमचे उत्तर असे की, त्याचे आजचे भांडण याच प्रश्नाचे आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप ठरविले, तेव्हापासून तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा वाद पुनःपुन्हा पेटतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सुमारे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश झाला, तेव्हाही तो पेटला. वरचे म्हणतात, कोरड्या वाळूत पाणी वाया जाते. खालचे म्हणतात, आमच्या वाट्याचे आम्हांस पोहोचत नाही. दोघेही बेरजेवर भांडतात. पण निसर्गाच्या वहीत ‘वाया’ नावाचे सदर नाही. वाळूत मुरलेले पाणी काठच्या विहिरींत गेले, उन्हाने उडालेले हवेत गेले, उपसलेले कोणाच्या तरी शेतात गेले. प्रत्येक मैलावर किती आले व किती गेले हे उघड मोजले जाईल, तेव्हा निम्मे भांडण आपोआप मिटेल, आणि उरलेले निम्मे खऱ्या हक्काचे असेल.

हे अशक्य नाही, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाने तेथे डोंगर बांधले, झाडे लावली. पण आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती तेथली पाण्याच्या ताळेबंदाची चाल. पाऊस किती पडला हे मोजावयाचे, माणसांस व जनावरांस लागेल ते आधी बाजूस काढावयाचे, आणि उरले त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते गावाने बसून ठरवावयाचे. शेतीसाठी विंधनविहीर खोदावयाची नाही, उसासारखे तहानलेले पीक घ्यावयाचे नाही. दर वर्षी तोच नियम, आणि वरच्या आळीस एक व खालच्या आळीस दुसरा, असेही नाही. नोएथरचे नाव त्या गावात कोणी ऐकले असेल वा नसेल. नियम सर्वांस सारखा असेल तरच ताळा जुळतो, हे त्या गावाने आपल्या अनुभवाने जाणले आहे.

बेरीज बरोबर आहे, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय समाजास फार लवकर जडते, कारण बेरजेत शेवटच्या चारीवरचा माणूस दिसत नाही. निसर्गाने मात्र आपल्या वहीत त्यास जागा ठेविली आहे.